उत्तर कुठल्या चौकटीत

सात एप्रिल २००१, शनिवार, सकाळचे साडेदहा. ठरलेली रक्कम चार हजार पाचशे रुपये. हजर तिघे: आंब्याच्या बागा खंडाने घेणारे इब्राहिमचाचा, त्यांच्या मांगरात, म्हणजे आंबा ठेवायच्या कौलारू घरात, फळ निवडणाऱ्या शेवंतीकाकी आणि मी. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका संगणक वर्गात शिकवत होते. चाचांचा आंबा मुंबईच्या घरांतून थेट मागवता यावा असे इंटरनेटचे पान मी करून द्यायचे, असे काम ठरले. काकींना कोणी साक्षीला बोलावले नव्हते. त्या आपल्या जागी बसून फळ निवडत होत्या आणि आमचे बोलणे त्यांच्या समोर झाले, एवढेच. तरी हजर माणसांत त्यांचे नाव मी मुद्दाम लिहिते.

गेल्या महिन्यात पावसला एका लग्नाला जाताना भाट्याचा पूल ओलांडला आणि रिक्षावाल्याला पाच मिनिटे थांबायला सांगितले. रस्त्यापासून आत, कातळावर तो मांगर अजून उभा आहे. भिंती त्याच, जांभ्याच्या. छपरावर कौलांच्या जागी पत्रा आला आहे आणि आत सिमेंटच्या गोण्या आहेत. मी दारात उभी राहिले. ओळखीचा वास येईल असे वाटले होते. आला नाही. खाडीवरचा वारा तेवढा त्याच बाजूने आला आणि पदर त्याच बाजूला उडाला.

वास कसला, ते सांगते. एप्रिलमध्ये त्या मांगरात पाऊल टाकले की आधी चीक नाकात जायचा. देठ तुटलेल्या फळाचा तो तिखट, डोळ्यांत झोंबणारा चीक. त्याच्या मागून भाताच्या पेंढ्याचा सुका, गोडसर वास. मग नव्या खोक्यांच्या लाकडाचा. दुपार चढली की या सगळ्यात एक चौथा वास मिसळायचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा. तो कोपऱ्यातल्या संगणकाचा. हे चारही वास एका जागी येतात असे ठिकाण मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

संगणक चाचांच्या शारजातल्या जावयाने पाठवला होता. त्याची पिन आपल्या भोकात बसत नव्हती, म्हणून चाचांनी त्या पिनेच्या भोकांची एक लाकडी फळी थेट तारांना जोडून घेतली होती. पेंढ्याची कुसळे आत जाऊ नयेत म्हणून काम संपले की त्यावर तरटाचा तुकडा टाकायचा, हा काकींनी घालून दिलेला नियम. टेलिफोनची तार छपराच्या वाशावरून आली होती. इंटरनेट लावताना मोडेम किंचाळायचा, घरघरायचा, मग गप्प व्हायचा. पहिल्या दिवशी काकी हातातले फळ तसेच धरून म्हणाल्या, "काय गो बाय, दुखतंय काय त्याला?"

"नाही काकी, मुंबईशी बोलतोय."

"मुंबईशी बोलायला एवढा आरडावरडा लागतो? माझा झील एसटीडीवरून बोलतो तो बरा." झील म्हणजे त्यांचा मुंबईतला मुलगा.

चाचांना हे पान कशाला हवे होते, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितले. "तीस वर्षं झाली मास्तरीणबाय, माल माझा आणि भाव दुसऱ्याचा." दरवर्षी फळ वाशीच्या बाजारात दलालाकडे जायचे आणि काय मिळाले ते आठ दिवसांनी त्याच्या हिशेबाच्या पट्टीवर कळायचे. त्या वर्षी चाचांनी नाचणे गावाकडच्या एका बागेची दोनशे चाळीस खोकी बाजूला काढायची ठरवली आणि दलालाला फोनवर सांगून टाकले, की यांचा भाव मी सांगणार. तो हसला म्हणे. "चाचा, आंबा तुम्ही पिकवा, भाव आम्ही पिकवतो." चाचांनी फोन ठेवला आणि तारीख ठरवली. मंगळवार चोवीस एप्रिल संध्याकाळपर्यंत दोनशे खोकी घराघरांत लागली तर ठीक. नाही लागली तर बुधवारी टेंपो वाशीला, आणि त्याच माणसाला आपण होऊन फोन करायचा. पैशाचा तोटा ते सोसू शकत होते. तो फोन करणे त्यांना जमणारे नव्हते.

पानाची आखणी मी चौकटींत केली. हल्लीच्या मुलांना हे सांगावे लागते. त्या काळी पडद्याचे तुकडे पाडता येत. दिसायला एकच पान, पण आत तीन वेगळ्या खिडक्या, आणि एक हलली तरी बाकीच्या दोन जागच्या जागी. आमच्या पानात डावीकडे अरुंद उभी चौकट होती, तिचे नाव भाव. तिच्यात चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशा खोक्यांचे दर. उजवीकडची मोठी चौकट मागणीची. तिच्यात फॉर्म, म्हणजे नाव, पत्ता, पिनकोड, फोन, किती खोकी. आणि तळाला पडद्यावरच्या नव्वद ठिपक्यांच्या उंचीची, जेमतेम दोन बोटांची आडवी पट्टी, तिचे नाव निरोप. मराठी अक्षरे तेव्हा परक्याच्या पडद्यावर उमटतील याची खात्री नसे, म्हणून सगळे मराठीच, पण रोमन लिपीत. दहा तारखेला मी ते पान चाचांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "घरासारखं आहे. ओटी, माजघर, पडवी." मला फार बरे वाटले. अकरा तारखेला, बुधवारी, पान मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर चढले. चाचांनी एका वर्तमानपत्रात दोन ओळींची जाहिरात दिली.

त्या दिवसांचा मांगर डोळ्यांपुढे आणला की आधी आवाज येतात. खिळे ठोकण्याचे. एका खोक्याला चौदा खिळे. आठ खाली, सहा झाकणाला. ठोकणारा तोंडात खिळे धरायचा, त्यामुळे बोलायचा नाही. टोपल्या बागेतून यायच्या आणि काकी जमिनीवर एक पाय दुमडून, एक लांब करून बसायच्या. त्यांच्याभोवती अर्धगोलात चार राशी असत. चार डझनीचे मोठे फळ, मग पाच, मग सहा, आणि अगदी डावीकडे डागी. डागी कॅनिंगला जायचे. काकी टोपलीतून फळ उचलायच्या, तळहातावर एकदा फिरवायच्या आणि न बघता ठेवायच्या. टाकायच्या नाहीत, ठेवायच्या. मी एकदा घड्याळ लावून मोजले होते. मिनिटाला बावीस फळे. दुपारी जेवण झाल्यावर अठरा.

गडबड आठवडाभरात कळली. सर्व्हरच्या नोंदींवरून मी सतरा तारखेला, मंगळवारी, आकडे काढले. फॉर्म भरून बटण दाबणारी माणसे त्रेचाळीस. मागणी पुरी झालेली माणसे चौदा. त्यांची खोकी अडतीस. म्हणजे एकोणतीस माणसे पत्ता लिहून, बटण दाबून निघून गेली होती. लागायची होती दोनशे आणि हातात दिवस सात.

का गेली ते पार्ल्याच्या एका बाईंनी फोन करून सांगितले. फोन चाचांनी घेतला, ऐकत राहिले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. "तुझ्यासाठी आहे. रागावल्यात."

"अहो, तुमचं ते पान तुम्ही स्वतः कधी भरून बघितलंत का?" बाई म्हणाल्या. "मी सहा डझनी मागितले. एवढा मोठा पत्ता लिहिला. तर तुमचं उत्तर येतं, सहा डझनी संपले. संपले तर संपले, मी पाच घेते! पण माझं लिहिलेलं सगळं गेलं कुठं? परत लिहिलं. तर म्हणे पिनकोड राहिला. परत सगळं कोरं! माझा टेलिफोनचा मीटर पडतोय इकडे."

त्यांचे शब्दन्‌शब्द खरे होते. सहा डझनी खोकी मुळात चोवीसच होती, ती पहिल्या तीन दिवसांत संपली होती. फॉर्म मोठ्या चौकटीत, आणि सर्व्हरचे उत्तरही मी त्याच चौकटीत पाडत होते. उत्तर आले की ते फॉर्मच्या जागेवर बसायचे आणि लिहिलेले सगळे त्याखाली जायचे. मी पान केले होते बँकेच्या खिडकीसारखे. ज्या खिडकीत चिठ्ठी दिली त्याच खिडकीतून उत्तर घ्यायचे. आमच्या गावात सगळी कामे अशीच होतात. दुसरी पद्धत असू शकते हे डोक्यात आलेच नव्हते.

बुधवारी मी बदल केला. फॉर्मवर एक शब्द लिहिता येतो, की याचे उत्तर अमुक चौकटीत दाखव. मी लिहिले, निरोप. आता सगळी उत्तरे तळाच्या पट्टीत. चूक सांगणारे निरोप तिथे नीट दिसू लागले, फॉर्म शाबूत राहू लागला. मी घरी जाऊन भात पोटभर जेवले. गुरुवारी सकाळी बघते तर रात्रीतून आलेल्या नऊ मागण्यांपैकी पाच दुबार. दादरच्या एका गृहस्थांनी दोन खोकी तीनदा मागवली होती. कारण उघड होते. 'तुमची मागणी मिळाली, नंबर अमुक' हे उत्तरही आता तळाच्या पट्टीत, नव्वद ठिपक्यांत. फॉर्म समोर तसाच भरलेला. माणसाला वाटायचे काही झालेच नाही, तो पुन्हा बटण दाबायचा.

म्हणजे मोठ्या चौकटीत पाडावे तर चुकणाऱ्याचे पुसले जात होते. पट्टीत पाडावे तर बरोबर भरणाऱ्याला कळत नव्हते. फॉर्मवर नाव एकच लिहिता येत होते आणि उत्तरे दोन जातींची होती. चाचांना हे सांगितले. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, दलालाचा नंबर असलेले पान उघडले, बघितले आणि मिटले. मला त्या वेळी ते रागावले असते तर चालले असते.

त्याच दिवशी, एकोणीस तारखेला, दुपारी चार वाजता मांगरात भांडण झाले. नाचण्याच्या बागेतले फळ उतरायला लागले होते. एकदा झाडावरून उतरले की आठ-दहा दिवसांत ते पिकणार, मग बाजार कुणासाठी थांबत नाही. चाचांना घाई होती. त्यांनी बागेतल्या गड्यांना सांगून टोपल्यांवर कोळशाने खुणा करायला लावल्या. एक रेघ म्हणजे मोठे फळ, दोन रेघा म्हणजे मधले. झाडाखालीच निवड झाली तर मांगरात अर्धा वेळ वाचेल, असा हिशेब.

काकींनी पहिली टोपली ओढली, रेघ बघितली आणि टोपली पायाने परत सरकवली.

"ह्ये कोणी केलान?"

"मी सांगितलं," चाचा म्हणाले. "एक रेघ आली की सरळ चारच्या राशीत ओत. हातात घेत बसू नको."

"हातात न घेता?"

"वेळ नाही शेवंतीबाय. मंगळवार आला."

"मंगळवार येऊ दे नायतर शुक्रवार. झाडाखालचा माणूस रेघ मारणार आणि मी डोळे मिटून ओतणार? त्याला काय ठावं आत काय हाय? ह्ये बघा." त्यांनी वरचेच एक फळ काढले, उलटे केले. देठाजवळ नखाएवढा काळा डाग. "ह्ये चारच्या राशीत जाणार होता. पारल्याच्या बायनं खोका उघडलान की ह्येच वर दिसणार. मग करा फोन त्या वाशीवाल्याला."

"अगो, पण टोपली भरणाऱ्यालाच कळायला हवं ना आपण काय भरतोय!"

"त्याला कसा कळंल? त्याचं काम टोपली भरून पाठवायचं. कुठं ठेवायचं त्ये फळ हातात आल्यावर कळतंय, आधी न्हाय. शेट, तीस वर्सं तुमच्याकडं हाय. टोपलीवर लिवून निवड होत असती तर मला कशाला बसवलंत हितं?"

चाचांनी ते फळ हातात घेऊन डाग बघितला. मग म्हणाले, "बरं, पुसा त्या रेघा." तोंडात खिळे धरणारा गडी हसला आणि त्याचा एक खिळा खाली पडला.

मी कोपऱ्यात, तरट बाजूला करून बसलेली. कळफलकावरचे हात तसेच राहिले. मीही टोपलीवरच लिहीत होते. फॉर्म म्हणजे भरून पाठवलेली टोपली. तिच्यावर आधीच मी लिहून ठेवत होते की उत्तर या राशीत टाक. पण उत्तर कुठल्या जातीचे आहे ते फॉर्मला कुठून कळणार? ते सर्व्हरला कळते. पिनकोड तपासल्यावर, शिल्लक बघितल्यावर. मग जागा सर्व्हरने सांगायला हवी.

उठून मी काकींच्या जवळ गेले. "काकी, परत सांगा."

"काय परत सांगू? भांडण?" त्या म्हणाल्या. "जा गो बाय, मला काम हाय."

पुढचे काम मी वर्गात केले. माझ्याकडे एका जाड मार्गदर्शिकेची छापील प्रत होती, दोन्ही कडांना भोके असलेल्या कागदावर, एकूण एकशे बारा पाने. त्यात कुठेतरी असे काही वाचल्याचे आठवत होते. शोधायला पन्नास मिनिटे लागली. सर्व्हर उत्तर पाठवतो तेव्हा मजकुराच्या आधी काही ओळी पाठवतो, त्या माणसाला दिसत नाहीत, ब्राउझर तेवढ्या वाचतो. त्यांत एक ओळ घालता येत होती. विंडो-टार्गेट, मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग चौकटीचे नाव. म्हणजे उत्तर स्वतःच सांगत येणार, मला अमुक ठिकाणी ठेवा. मी फॉर्मवरचे नाव खोडून टाकले. सर्व्हरवरच्या प्रोग्राममध्ये दोन वाटा केल्या. काही चुकले, राहिले किंवा संपले असेल तर ओळीत निरोप लिहायचे. सगळे जुळले तर मागणी, म्हणजे मोठी चौकट, तिच्यात मोठ्या अक्षरांत नंबर आणि टेंपोचा वार. बदललेल्या ओळी एकूण सहा. चाचण्या अकरा घेतल्या. अकराही बरोबर.

त्या सहा ओळींचा मला आजही अभिमान आहे. शिकवताना मी शेकडो ओळी फळ्यावर लिहिल्या, त्या दुसऱ्याच्या होत्या. या माझ्या होत्या. तेव्हा मला विचारायला रत्नागिरीत कोणी नव्हते. पुण्या-मुंबईला ओळख नव्हती. वर्गाचे चालक म्हणायचे, मॅडम, तुम्ही शिकवा, हे उद्योग कशाला. माझी आई म्हणायची, आंब्याच्या मांगरात जाऊन पीएच.डी. करतेस काय. कुणाला राग नव्हता, कुणाला अर्थही कळत नव्हता. वर्गाच्या खिडकीतून एसटी स्टँडकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न येत होते आणि पडद्यावर तळाच्या पट्टीत माझे वाक्य उमटले होते, वर खोटा पत्ता जसाच्या तसा. मी तो बराच वेळ बघत बसले.

शुक्रवारी सकाळी नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवायला चार प्रयत्न लागले. दोनदा लाइन तुटली, एकदा वीज गेली. पावणेबाराला चढला. मी पार्ल्याच्या बाईंना फोन लावला.

"एकदाच परत भरून बघाल? शेवटचं."

"परत?"

"आणि मुद्दाम सहा डझनी मागा. पिनकोडही सोडून द्या."

"म्हणजे चुकवू?"

"हो. नीट चुकवा."

बाई हसल्या. बरे चिन्ह होते. फोन ठेवला. पण त्यांच्या घरी तार एकच आणि आमच्याकडेही एकच. त्या इंटरनेटवर असताना फोनवर बोलू शकत नव्हत्या, आणि आम्ही काय चालले आहे ते बघायला मोडेम लावला असता तर त्यांचा फोन आला नसता. दोन्हींपैकी एकच. चाचा म्हणाले, फोन मोकळा ठेव. म्हणून संगणकाकडे पाठ करून आम्ही टेलिफोनकडे बघत बसलो. खिळ्यांचे ठोके थांबले होते. काकी तेवढ्या निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. फळ पेंढ्यावर ठेवल्याचा तो मऊ आवाज. बाहेर सुरूच्या बनातून वारा. चाचा दोनदा उठले, दोनदा बसले.

"आता?" त्यांनी विचारले.

"आता थांबायचं."

"किती?"

"त्यांच्या टायपिंगवर आहे."

एकोणीस मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला, पण बाईंचा आवाज एवढा मोठा होता की सगळ्यांना ऐकू गेला.

"आलं! खाली पट्टीत आलं! सहा डझनी संपले, पाच आहेत. आणि पिनकोड लिहा म्हणाले. आणि माझा पत्ता होता तिथेच! एक अक्षर हललं नाही. मी फक्त सहाचं पाच केलं, पिनकोड टाकला, आणि मग मोठ्ठा नंबर आला. एकोणीस! माझा नंबर एकोणीस आहे, बरोबर ना?"

चौदा आणि बुधवारच्या रात्रीच्या चार खऱ्या, दुबार मी खोडल्या होत्या, मिळून अठरा. बरोबर होता.

"बरोबर आहे," मी म्हणाले. चाचांनी रिसीव्हर घेतला. "बाई, तुमच्या खोक्यातलं प्रत्येक फळ मी स्वतः बघीन," एवढे म्हणाले आणि ठेवला. मग काकींकडे वळून, "म्हणजे शेवंतीबाय बघील."

"म्हणजे मीच बघणार, त्ये काय सांगायला हवं," काकी म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी शिकवून झाल्यावर थेट मांगरात जायचे. आलेल्या मागण्या मोठ्याने वाचायच्या आणि गडी झाकणावर शाईने नाव-गाव घालायचा. दादर, गिरगाव, ठाणे, मुलुंड, डोंबिवली. काकी न थांबता विचारायच्या, हा कुठला, तो कुठला, आणि प्रत्येक गावात त्यांच्या वाडीतले कोणीतरी होतेच. पार्ल्याच्या बाईंनी आपल्या सोसायटीत सांगितले. तिथूनच एकोणतीस खोकी गेली. एक मागणी कुवेतहून आली, आईला गिरगावात पोचवा म्हणून. तो पत्ता लिहिताना चाचांनी ब्रश गड्याच्या हातातून घेतला आणि स्वतः लिहिला. अक्षर वाईट होते. गड्याने झाकण तसेच पुढे सरकवले. शनिवारी कातळावर भर दुपारी उष्णता लवलवत होती, पंखा गरम हवा फेकत होता, आणि पडद्याच्या डावीकडे चाचांनी ठरवलेला दर उभा होता. तो त्या आठवड्यात कोणी बदलला नाही, रुपयानेही.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता मी शेवटचा आकडा काढला. दोनशे सात. चाचांनी तो डायरीत लिहिला, मग माझ्याकडून पुन्हा मोजून घेतला. दोनशे सातच. दलालाला फोन झाला नाही. उरलेली तेहतीस खोकी चाचांनी राजिवड्यापासून मांडवीपर्यंत नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी वाटली. एक माझ्या घरी आले. आईने ते उघडले, वास घेतला आणि म्हणाली, "ही तुझी पीएच.डी. का?" त्यात चेष्टा अर्धीच होती.

ती ओळ आता चालत नाही. ब्राउझरांनी ती वाचणे कधीच सोडून दिले, आणि चौकटींची पानेही गेली. माझी मुलगी याच क्षेत्रात आहे. तिला मी सांगितले तर म्हणाली, "आई, हे आता आपोआप होतं." होत असेल. मला त्याचे वाईट वाटत नाही. पेंढ्यातले खोकेही गेले, आता पुठ्ठ्याचे असते, आणि फळ त्यातही पिकतेच. चाचा जाऊन बरीच वर्षे झाली, काकी त्यांच्यानंतर दोन वर्षांनी. दारातून मी परत फिरले तेव्हा रिक्षावाला म्हणाला, इथे काय होते. मी म्हटले, इथे मी काम केले आहे. लग्नाला पोचायला दहा मिनिटे उशीर झाला, मुहूर्त चुकला नाही.

हिशेब पुरा करते. तीस एप्रिलला, सोमवारी, चाचांनी मला चार हजार पाचशे रुपये रोख दिले. मी मोजून घेतले आणि त्यातले पाचशे काकींपुढे ठेवले. त्यांनी चीक लागलेले हात लुगड्याला पुसले, पण पैशाला हात लावला नाही.

"ह्ये कसले गो?"

"तुम्ही सांगितलंत ना, टोपलीवर आधी लिहून चालत नाही. त्याचे."

"त्ये सांगायला पैसे? त्ये तर सगळ्यांना ठावं हाय."

"मला नव्हतं, काकी."

"एवढी शिकलेली, आणि ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी चाचांकडे बघितले. चाचा म्हणाले, "घे शेवंतीबाय. मलाही ठाऊक नव्हतं, पण मी काही देत नाही." काकी हसल्या, नोटा उचलल्या आणि कमरेच्या पिशवीत दुमडून ठेवल्या. मी वहीचे पान फाडून पावती लिहिली, कारण पावतीशिवाय मी कुणाला काही देत नाही. तिच्यावर काकींनी सही केली, सावकाश, तीन अक्षरे. मजकूर असा: 'उत्तराची जागा ठरवण्याच्या कामाबद्दल शेवंतीकाकी यांना रुपये पाचशे फक्त, रोख पोचले.'